चहाआधी भिंत

घर बघायला गेलो की मी फक्त सोफा बघून येतो, असं माझी बायको म्हणते, आणि त्यात खोटं काही नाही. आमच्याकडे कुणाच्या दारात उभं राहिलं की पहिला प्रश्न गावाचा येतो, दुसरा आजोळचा, आणि तिसऱ्यापर्यंत कुठलं तरी नातं सापडतंच. मग पोहे येतात, चहा येतो. ज्याचे पोहे खाल्ले त्याच्या न्हाणीघराची भिंत ठोकून बघणं मला जमत नाही. साताऱ्यातलं घर मी असंच घेतलं. चार वेळा जाऊन आलो, चारही वेळा बाहेरच्या खोलीत बसून. मागची खोली पावसाळ्यात झिरपते, हे राहायला गेल्यावर कळलं. बारा वर्षं तिथे बादली ठेवतोय. कुणी विचारलंच तर घर हवेशीर आहे, एवढंच सांगतो.

यंदा मात्र थट्टेवारी नेण्यासारखं नव्हतं. वडलांची छाती अधू झाली होती, खोकला हटत नव्हता. दर पंधरा दिवसांनी त्यांना मिरजेला दवाखान्यात न्यायचं, आणि येताना ते गाडीत डोळे मिटून धापा टाकत बसायचे. डॉक्टरांनी दोन गोष्टी बजावल्या. जवळपास राहायला या, आणि यांना ओल असलेल्या खोलीत अजिबात झोपवू नका. आमच्या घरात वडलांची खोली कुठली, ते मी डॉक्टरांना सांगितलं नाही.

सांगलीत माधवनगरच्या बाजूला एक बैठं घर विकायचं होतं. मालक निवृत्त सुभेदार. मुलगा नोकरीनिमित्त बाहेर, बायको वर्षापूर्वी वारलेली, त्यामुळे एकटेच. पहिल्याच भेटीत त्यांचं आजोळ आणि माझ्या आत्याचं सासर पलूस तालुक्यात एकाच गावी निघालं. मी मनातल्या मनात घर घेऊन टाकलं. घरी आल्यावर बायकोनं विचारलं, मामंजींच्या खोलीची भिंत हात लावून बघितली का? मी म्हणालो, पोहे चांगले होते.

पुढच्या खेपेला तिनं माझ्यासोबत एक गवंडी धाडला. जतकडचे, साठीतले गृहस्थ. लहानपणी घरच्या मेंढरांमागे फिरलेले, मग चाळीस वर्षं हातात थापी. आम्ही त्यांना मामा म्हणतो. गाडीतच त्यांनी अट घातली.

"चा मागनं. आदी भिंत. चा प्वाटात गेला की तोंड उघडत न्हाई."

सुभेदारांनी कप पुढे केला तर मामांनी खरोखरच हात जोडून तो बाजूला ठेवायला लावला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. भरपाई म्हणून मी दारातल्या कढीपत्त्याचं इतकं कौतुक केलं की सुभेदारांनी त्याची एक फांदी मोडून माझ्या हातात दिली. ती धरून मी दीड तास मामांच्या मागे हिंडलो. त्यांनी गच्चीचा उतार बघितला, सगळे नळ सोडून ठेवले, संडासाच्या टाकीचं झाकण काढायला लावलं, फडताळात डोकं घालून वास घेतला.

शेवटी मागची खोली. वडलांसाठी मी तीच धरली होती, सुभेदारांना तसं सांगितलंही होतं. सकाळचं ऊन, शेजारी न्हाणीघर, भिंतींना नवा आकाशी रंग. मामांनी कपाट सरकवायला लावलं. मागची भिंत उलट्या हातानं चाचपली, थापीच्या मुठीनं ठोकत गेले. भरीव आवाज एका जागी पोकळ झाला. त्यांनी नखानं रंगाचा पापुद्रा उचलला. खाली काळी बुरशी होती.

"आतली पाइप झिरपतीया," मामा म्हणाले. "ही आजची वल न्हाई. सा-सात वर्सं मुरलीया. रंग तेवडा नवा."

सुभेदार दारातच उभे होते. ते आता चिडणार, म्हणून मी माफीची वाक्यं जुळवू लागलो. पण त्यांची नजर माझ्याकडे नव्हतीच.

"रंग मीच दिला, वर्षश्राद्धाच्या आदी. खोलीकडं बघवत नव्हतं." मग भिंतीकडे बोट करून म्हणाले, "तिचा पलंग हितंच हुता, ह्या भितीला लागून. सहा वर्सं खोकत हुती. मी म्हनायचो, वयाचं हाय."

न्हाणीघरातला नळ अजून चालूच होता. मामांनी जाऊन तो बंद केला.

"मिस्त्री," सुभेदारांनी विचारलं, "ह्या भितीनंच झालं आसंल का वो?"

भिंतीची ओल किती वर्षांची ते सांगणारा माणूस, पण मामांनी थापी उगाचच धोतराला पुसली. "ते मला कसं कळावं, सायेब? मला भितीतलं कळतंय."

सुभेदार माझ्याकडे वळले. "तुमच्या वडलांना हितं आनू नगा. घर मी तुमाला देत न्हाई."

घरी येऊन मी वडलांना सगळं सांगितलं. त्यांनी घराची चौकशी केलीच नाही. त्या बिचाऱ्याला हे कळायला नको होतं, एवढंच म्हणाले. मामांना घेऊन गेलो नसतो तर कळलं नसतं, आणि मग त्या भिंतीशी वडलांचा पलंग लागला असता. हे मी त्यांना बोललो नाही. त्याच दिवशी त्यांचा पलंग आमच्या मागच्या खोलीतून उचलून बाहेरच्या खोलीत आणला. त्यासाठी सोफा अंगणात काढावा लागला. तासाभराचं काम, आणि बारा वर्षांत ते मला सुचलं नव्हतं.

नंतर मिरजेत एक घर मामांनी पास केलं, तिथे आता आम्ही राहतो. वडलांना अजून जिना चढवत नाही, पण रात्र आता बसून काढावी लागत नाही, आडवे होऊन झोपतात.

मध्यंतरी सुभेदारांचा फोन आला. भिंत फोडून पाइप बदलली म्हणाले. प्लास्टर नवं केलंय, पण रंग दिलेला नाही, घ्यायला येईल त्याला भिंत उघडी दिसू दे. मग त्यांनी वडलांचा खोकला कसा आहे, ते विचारलं. कमी आहे, असं मी सांगितलं. बरं झालं, म्हणाले.