भोंग्याआधीचे टोमॅटो

रायपूरजवळच्या उरल्यातल्या पोलाद कारखान्याचं कँटीन सांभाळणं म्हणजे खायचं काम नव्हे. कलावतीबाईंनी ते सव्वीस वर्षं केलं आणि एकाही पाळीचं जेवण भोंग्यानंतर वाढलं नाही. हे त्या न विचारताही सांगतात.

त्यांची लेक रुचिता लेहला नर्स आहे. क्वार्टरमागं वाफ्यापुरती जमीन. गेल्या वर्षी आईच्या सांगण्यावरून तिनं जूनमध्ये टोमॅटोचं बी टाकलं. सप्टेंबरात झाडं हिरव्या फळांनी लगडली आणि एका रात्रीत पानांवर बर्फ धरला. सगळं काळं पडलं. रुचिता फोनवर म्हणाली, "रहने दो आई, अब नहीं लगाऊँगी. यहाँ तुम्हारा हिसाब नहीं चलता."

बाईंना ते फार लागलं. दोन दिवस घास गोड लागला नाही. तिसऱ्या दिवशी मटकी फडक्यात बांधता बांधता डोक्यात उजेड पडला. कँटीनमध्ये त्या चूल पेटल्यापासून कधी मोजत नसत, भोंग्यापासून मागं मोजत. दोनचा भोंगा, म्हणून एकला पोळ्या, अकराला डाळ आणि उसळीची मटकी परवाच भिजलेली. रायपुरात ऊन कुठं पळून जातं? लेहला मात्र बर्फ हाच भोंगा.

त्यांनी लगेच फोन लावला. "ऐक पोट्टे. तिथं सप्टेंबरात भोंगा वाजते. मागून मोज. जूनमध्ये बी नाही, तयार रोप लावायचं. म्हणजे बी एप्रिलात, घरात."

"घर में भी ठंड रहती है, आई. उगेगा कैसे?"

"मटकीले मोड कसे आणते तू? ओल्या फडक्यात बांध, शेगडीजवळ ठेव. मोड आले का डब्यात माती घालून खिडकीत. काहून नाही उगणार?"

"ठीक है. बस एक साल और."

बाईंनी शेजारणींना छातीठोकपणे सांगितलं की पुढच्या वर्षी टोमॅटो पिकणारच. आतून धाकधूक होती. पुन्हा फसलं तर पोरगी आपल्याला काही विचारायची नाही, हे त्यांना कळत होतं.

पुढच्या सप्टेंबरात एका सकाळी फोटो आला. वाफ्यातली झाडं काळी ठिक्कर. शेजारची शर्मिष्ठा हळहळली, "अरे दीदी, फिर से?"

"नीट पाहा," बाई शांतपणे म्हणाल्या. "झाडावर एक तरी फळ हाय का?"

नव्हतं. दुसरा फोटो आला, लाल टोमॅटोंनी भरलेल्या बादलीचा. खाली रुचितानं लिहिलं होतं, "आई, अगले साल के लिए मटर का भी हिसाब भेजो."

बाईंचे डोळे भरून आले. मग त्यांनी भिंतीवरचं कॅलेंडर काढलं आणि सप्टेंबरपासून मागं मोजायला घेतलं.