बांधावर कोण आहे?

काल आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये पोरांना एक चिंबोरी, खाडीतला खेकडा, सापडली. गाड्यांमधून ती आडवी-आडवी पळत होती आणि पोरं टाळ्या पिटत होती. मी गॅलरीतून पाहत होते. अंगाला तिच्या काळा, ओला चिखल. त्याचा वास पहिल्या मजल्यावर येणं शक्य नाही, असं सून म्हणाली. मला आला.

या वासाशी माझी ओळख लग्नापासूनची. चाळीसचं दशक सरत आलेलं, ठाकुर्लीच्या पलीकडे खाडीकाठी आमची भातशेती, आणि शेती व खाडी यांच्यामध्ये फक्त एक मातीचा बांध. तरुणपणीच विधवा झालेल्या माझ्या सासूने चार मुलं त्या बांधाच्या आडोशाने वाढवली. पहाटे मिठागरात मीठ ओढायचं, दुपारी शेतात, आणि संध्याकाळी अनवाणी बांधावरून फेरी. चिंबोऱ्यांनी पोखरलेलं बीळ दिसलं, की त्यात चिकणमाती कोंबून वर टाच रोवून ती घट्ट करायची. तिच्या टाचा दगडासारख्या झाल्या होत्या. मी नवी नवरी, कौतुकाने मागे मागे जायची. ती म्हणायची, "पोरी, बांधातले चिंबोरीला कोनी हात लावाचा नाय. उकरलास का खारा पानी आत आलाच."

आमच्याकडे गौरीला तिखटाचा नैवेद्य असतो, आणि त्यात चिंबोरी हवीच. एका वर्षी पावसाने नुसता धुमाकूळ घातला होता. होड्या निघाल्या नाहीत, बाजार रिकामा. तरी थोरल्या दिरांनी टोपलीभर चिंबोऱ्या आणल्या. घरात आनंदीआनंद. रस्सा शिजला, केळीचं पान वाढलं गेलं, आणि सासूची नजर ओट्यावरच्या नांग्यांना चिकटलेल्या चिखलावर गेली.

"कुठून आनल्यास रं?"

"गौरीसाठीच ना, आये," दीर म्हणाले. "बिलं पेंढा भरून बुजवलीत."

गौरीपुढचं पान मागे घेता येत नाही. सासूने हात जोडले, घासही न खाता पदर खोचला आणि पावसात निघून गेली. पेंढा कुजतो, हे दिरांना कळत नव्हतं असं नाही. पण सणाच्या दिवशी गौर उपाशी राहील या धाकाने त्यांची मती गुंग झाली होती. मला त्यांचा राग येतो आणि कीवही.

पुढचे दिवस आम्ही दोघी पेंढा उपसून माती भरत राहिलो. पाऊस थांबला होता, भात निसवून लोंब्या बाहेर आल्या होत्या, वाराही पडलेला. ती शांतता मला आवडेना. सासू मध्येच थांबायची, बांधाला कान लावायची, आणि पुढे जायची. पुनवेच्या भरदुपारी उधाण चढलं आणि आम्हाला न सापडलेलं एक बीळ आतून फसफसलं. ती त्यावर टाच रोवून उभी राहिली. मुलांनी तिला ओढून बाहेर काढलं, तेव्हा तिच्या पायाखालचा बांध वाहून गेला होता. उभ्या भातात खाडी शिरली.

दिरांना ती एका शब्दाने बोलली नाही. नवा बांध घातला. दर पावसाळ्यात शेतात गोडं पाणी साठवायचं, सोडायचं, पुन्हा साठवायचं. अशी वर्षानुवर्षं तिने खारावलेली जमीन धुतली. पुन्हा लोंबी धरली तोवर मुलं कारखान्यांत लागली होती. पुढे खूप वर्षं जगली ती. अखेरच्या दिवसांत माणसं ओळखेना, फक्त विचारायची, "बांधावर कोन हाय?" दीर मान खाली घालून म्हणायचे, "मी हाय, आये." बांध तेव्हा विकला गेला होता.

त्याच जमिनीवर ही इमारत आहे. आज अमावास्या. सगळे जेवायला बसले, तशी मी काठी टेकत खाली उतरले. पार्किंगच्या भिंतीच्या कोपऱ्यात फरशी उचलली गेलीय, खाली मुठीएवढं बीळ. आत पाणी हलत होतं. मी चप्पल काढली आणि टाच त्यावर रोवली. माझी टाच मऊ आहे.