हज्जाची पर्स

आमच्या शिराळ्याचा दत्तप्रसाद दुबईत एका संगमरवराच्या कंपनीत फरशा तपासायला होता. सत्त्याण्णव साली मालकानं, तिथल्या बोलीत अरबाबानं, त्याला माल बघायला इटलीला धाडलं. निघताना बजावलं, "माझ्या आईला तिथली अस्सल चामड्याची पर्स आण. इथल्या बाजारातली नकली नको."

दत्तप्रसादनं फ्लॉरेन्सात चार दुकानं पालथी घातली. चामडं हुंगलं, शिवण नखानं उचकून बघितली, आतला छाप वाचला. आणि दर दुकानात एकच विचारलं, "नो काऊ?" आपल्या देव्हाऱ्याच्या घरात उतरायची वस्तू, गाईची कशी चालंल? एक म्हातारा दुकानदार हसला, "नो काऊ, नो काऊ," आणि त्यानं एकसारख्या दोन पर्सा काढल्या. एक हज्जाला, म्हणजे हज करून आलेल्या अरबाबाच्या आईला. दुसरी बायकोला, मंजुषाला.

परत आल्याआल्या हज्जाची पर्स ऑफिसात पोचती झाली. संध्याकाळी त्याच्या अल मनखूल भागातल्या घरी शेजारची रशीदा आली. चिपळूणची, बापाचं चपलांचं दुकान. तिनं मंजुषाची पर्स खिडकीशी धरली आणि इंगळ लागल्यागत खाली टाकली.

"भावजी, ही केसांची भोकं बघा, तीन-तीनच्या झुबक्यात. डुकराचं कातडं आहे हे!"

"आवं, मी तर चार-चार डाव विचारलं, गाईचं न्हाय न्हवं म्हणून!"

"गाईचं असतं तर काय बिघडलं असतं हज्जाचं?"

दत्तप्रसाद मटकन खाली बसला. व्हिसा संपायला दीड महिना उरलेला, पासपोर्ट अरबाबाच्या कपाटात.

मंजुषा म्हणाली, "गप ऱ्हावा. कुणाला कळतंय?"

"आन् कळलं मंजे? बिस्तरा बांधायचा?"

"आणि म्हातारी त्यात तसबीची माळ ठेवून नमाजाला बसली म्हणजे?" रशीदानं विचारलं.

दत्तप्रसाद उठला. त्यानं टॅक्सी केली. अरबाबाच्या फाटकाशी पोचेस्तोवर सदरा पाठीला चिकटला होता. मोडक्या हिंदीत त्यानं सगळं सांगितलं, गाईसकट. अरबाबाचा चेहरा दगड झाला. तो आत गेला. आत म्हातारीचा आवाज चढला, मग नळ सुटला तो सुटलाच. दत्तप्रसाद भिंतीला टेकून उभा.

अरबाब बाहेर आला. "खलास. सकाळी ऑफिसात ये."

रात्रभर मंजुषा पोरीच्या शाळेचं बोलत होती, हा ऐकत नव्हता.

सकाळी टेबलावर पासपोर्टच होता.

"उचल," अरबाब म्हणाला. "व्हिसाचा फॉर्म भर. मार्चात परत इटलीला जायचंय."

"आन् हज्जा?"

"हज्जा अजून हात धुतेय." अरबाबाच्या मिशीत काहीतरी हललं. "या खेपेला काच आण. काचेला ना तुझी गाय, ना त्या इटलीवाल्यांचं डुक्कर."

हसावं की नाही, हे दत्तप्रसादला कळेना. फॉर्मवर बापाचं नाव लिहिताना त्याच्या हातून दोनदा खाडाखोड झाली.