वालाच्या वेलावरच्या आया

हिवाळ्यातल्या दुपारी वालाच्या वेलाजवळ बसलं की मला झोप आणि जाग यांच्या मधलं काहीतरी लागतं. ऊन पानांतून गाळून मांडीवर पडतं, खाली रस्त्यावर कुणीतरी भंगारवाला ओरडत जातो, आणि वेळ जातोय की थांबलाय ते कळत नाही. माझी अर्धी नोकरी असं बसण्यात गेली. लोक विचारतात, तुम्ही नक्की करता काय हो? मी सांगते, आया बघते. मग ते हसतात आणि माझं डोकं फिरतं, कारण मी खरंच तेवढंच करत आलेय.

वालाच्या वेलावर मसुराएवढा एक हिरवा किडा राहतो. बोट लावलं तर असला घाण वास सोडतो की जेवेपर्यंत हाताला येत राहतो. त्याची मादी पानाच्या पाठीला दोन ओळींत अंडी घालते, आणि जाताजाता अंड्यांच्या बुडाशी तपकिरी रंगाचे बारके कण चिकटवून जाते. त्या कणांत तिच्या पोटातले जीवाणू असतात. अंड्यातून निघालेलं पिल्लू आधी पानाकडे जातच नाही. ते मागे वळतं, कण शोधतं, त्यात सोंड खुपसतं आणि आईच्या पोटातलं ते धन आपल्या पोटात घेतं. मग भावंडांना खेटून गप्प बसून राहतं. हे जीवाणू पोटात नसले तर वेलाचा कितीही रस प्यायला तरी तो पिल्लाच्या अंगी लागत नाही. किडा आणि जीवाणू कधीपासून असे एकमेकांवर विसंबून आहेत, दोघांपैकी कोणी कोणाला किती बदलवलं, हा माझा अभ्यासाचा विषय.

या नादाला मी लागले ती आईमुळे. आम्ही भांडुपला डोंगराच्या उतारावर एका खोलीत राहायचो. आई शेजारणीकडून वाटीत चमचाभर विरजण आणायची आणि सकाळी पातेलंभर दूध घट्ट झालेलं असायचं. मी तिला विचारून विचारून भंडावलं, की एवढंसं दही एवढ्या दुधाला कसं बदलतं? ती वैतागून म्हणाली, "बारकी बारकी माणसां असतत त्येच्यात. ती करतत." मी कित्येक दिवस वाटीत डोळे घालून ती माणसं शोधत बसायचे. पुढे कॉलेजात सूक्ष्मदर्शकाखाली पहिल्यांदा दही बघितलं तेव्हा मला कोणी शिकवतंय असं वाटलंच नाही. ओळखीचं कुणीतरी भेटल्यासारखं वाटलं, आणि मी वर्गात एकटीच हसत बसले.

लग्न केलं नाही. नाही म्हणजे नाहीच केलं, त्याची काही मोठी गोष्ट नाही. चाळिशी उलटल्यावर मात्र मूल हवंसं वाटायला लागलं, इतकं की रस्त्यात कुणाचं पोर रडलं तरी माझं पाऊल थांबायचं. तेव्हा मी आणि आई मुलुंडच्या फ्लॅटमध्ये राहायला आलो होतो. पुष्कळ वाट पाहिल्यावर एका संस्थेतून मुलगी घरी आली. पाच वर्षांची. कोर्टाचे कागद अजून व्हायचे होते, पण पोर आमच्या घरात होतं.

आणि काय गुणी पोर! स्वतःची ताटली स्वतः घासायची. कपड्यांच्या घड्या अशा घालायची की मला लाज वाटावी. प्रत्येक गोष्ट विचारून. "पाणी घेऊ का?" "बसू का?" "दिवा लावू का?" संस्थेतल्या बाई भेटायला यायच्या आणि खूश होऊन म्हणायच्या, "छान रुळली हं!" मी मान डोलवायची आणि त्या गेल्यावर स्वयंपाकघरात उगाच भांडी आपटायची. कारण दुपारी आई घोरत असताना ही काय करायची ते मी बघितलं होतं. ती घरभर फिरायची. या खोलीतून त्या खोलीत, भिंतीला बोट लावत, कशालाच न टेकता. हाक मारली की लगेच "काय करू?" म्हणून समोर उभी. मला काय म्हणायचं ते तिने ठरवलंच नव्हतं, त्यामुळे ती मला हाकच मारायची नाही. मी वळून बघेपर्यंत थांबून राहायची. मला एकच भीती होती, की ही माझ्या घरात जन्मभर पाहुणी म्हणून राहील. शहाणी, स्वच्छ, आभारी पाहुणी.

एकदा मी अर्धा पेरू खाऊन उरलेला तिच्यापुढे धरला. आमच्या घरात कुणी कुणाचं उष्टं खाल्लं तर त्याची कधी कुणी दखलही घेतली नाही. आईने माझ्या ताटातलं टाकलेलं खाऊनच अर्धं आयुष्य काढलं असेल. मुलगी एक पाऊल मागे सरकली. म्हणाली, "उष्ट्यात जंतू असतात." संस्थेत तसं शिकवलेलं, आणि बरोबरच शिकवलेलं, एवढी पोरं एका ठिकाणी, एकाला झालं की सगळ्यांना होणार. पण जंतूंवर पोट भरणाऱ्या बाईला कुणी असं म्हणावं! मला हसूही आलं आणि रडूही. पेरू मी एकटीनेच संपवला.

त्याच थंडीत आमच्या अंधेरीच्या प्रयोगशाळेच्या इमारतीत पेस्ट कंट्रोल करायचं ठरलं. हो, किडे पाळणाऱ्या लोकांच्या इमारतीत. औषधाचा वास जाईपर्यंत ज्याने त्याने आपापले किडे हलवावेत, अशी सूचना आली. मी वेलांच्या कुंड्या आणि मच्छरदाणीच्या कापडाचे दोन पिंजरे टेम्पोत घालून घरी आणले आणि बाल्कनीत मांडले. समोर डोंगराची कड, मधे कापडाआडून दिसणारी हिरवी पानं. बाल्कनीला हिरवट उजेडाची सायच आली. आई म्हणाली, "घर हा काय गवताचो मांडव?" पण तीही चहा घेऊन तिथेच बसायला लागली.

आईचं तेव्हा नुकतंच मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, आणि तेव्हापासून तिला जगातली सगळी घाण दिसायला लागली होती. पंख्यावरची धूळ, माझ्या चष्म्यावरचे डाग, शेजारच्यांच्या दाराचे कोपरे. आयुष्यभर तांदूळ निवडत आलेली बाई. खडा दिसला आणि काढला नाही, असं तिच्या हातून व्हायचंच नाही.

एका दुपारी मी कामावरून लवकर आले तर आई बाल्कनीत, मांडीवर पान, हातात टाचणी, चेहऱ्यावर मोठं समाधान. "बघ गो. तुझ्या अंड्यांक सगळी कीड लागलेली. मी निवडून काढलंय. अंड्याक धक्का नाय लावूक." खरंच नव्हता लावला. एकेक तपकिरी कण तिने असा अलगद उचलला होता की आमच्या प्रयोगशाळेतही कुणाला जमला नसता. एका अख्ख्या पिंजऱ्यातलं झाडून सगळं. दुसऱ्या पिंजऱ्याला हात लावायच्या आत तिची मालिका लागली होती, म्हणून तो वाचला. काढलेले कण तिने केरात टाकले होते आणि केर केव्हाच गेला होता. काही अंडी आधीच फुटली होती, आणि पानावर पिल्लं सैरावैरा फिरत होती. देठापर्यंत जायची, परत यायची, अंड्यांच्या रिकाम्या बुडाशी सोंड टेकवायची आणि पुन्हा चालायला लागायची.

मी तशी तापटच. आईवर ओरडले. "अगं आई, काय केलंस हे! वाट लावलीस तू सगळ्याची! कोणी सांगितलं होतं तुला हात लावायला?" आईही काही गप्प बसणाऱ्यातली नव्हे. "माका काय म्हायत, घाण पण तुमच्या कामाची असता ती!" आमचं हे नेहमीचंच. दोघी दोन्ही बाजूंनी सुटलो, शेजारच्यांची खिडकी उघडली आणि बंद झाली.

मग मला दाराशी मुलगी दिसली. तिने चपला घातल्या होत्या. संस्थेतून येताना आणलेली पिशवी खांद्याला होती. तिने नेहमीच्या हळू आवाजात विचारलं, "जाऊ का?"

आईच आधी उठली. "खंय जातंस गो चेडवा? आमी रोजच असे भांडतो. मेली जीभ आमची." तिने पिशवी काढून घेतली नाही, फक्त मुलीच्या शेजारी जमिनीवर बसली. मी पण बसले. मी म्हटलं, "मला मदत लागेल. पिल्लांना भूक लागलीय. येतेस?"

दुसऱ्या पिंजऱ्यातल्या आया आपल्या पिल्लांसाठी कण जरा जास्तच ठेवून गेल्या होत्या; बहुधा ठेवतात. मी ओल्या ब्रशच्या टोकाने त्यांतले काही उचलले आणि फिरणाऱ्या पिल्लांच्या वाटेत ठेवले. मुलगी भिंग धरून बसली. पिशवी अजून खांद्याला होती. उन्हाचा पट्टा तिच्या गुडघ्यांवर होता, आणि ती इतकी स्थिर बसली होती की मला क्षणभर वाटलं, आम्ही तिघी फार पूर्वीपासून इथेच बसलोय, कुणी आलेलं नाही नि कुणाला कुठे जायचं नाही.

"हे त्यांच्या आईचं आहे?" तिने विचारलं.

"नाही. दुसऱ्या आईचं."

"मग चालतं?"

मी शास्त्रज्ञ आहे, खोटं बोलायचं नव्हतं. आणि पोर काय विचारतंय ते न कळण्याइतकी मूर्ख मी नक्कीच नव्हते. "चालतं," मी म्हटलं. "मी खूप वेळा बघितलंय."

एक पिल्लू कणाशी थांबलं. मग दुसरं. सोंड खुपसून, अंग आक्रसून, गप्प. काही मात्र कणाला ओलांडून पुढेच जात राहिली. "ही का पीत नाहीत?" तिने विचारलं. मी म्हटलं, "फार फिरून दमली असतील. काहींपर्यंत आपण उशिरा पोचलो." तिने भिंग डोळ्याला घट्ट धरलं आणि एका चुकलेल्या पिल्लापुढे कण पुन्हा ठेवायला लावला. ते पुढे निघून गेलं की पुन्हा. आई म्हणाली, "आता पुरे गो," पण मुलीने ऐकलं नाही. ऊन जाईस्तोवर मी तिच्या हुकमाने ब्रश चालवत होते.

त्यानंतर काही चमत्कार वगैरे झाला नाही. पिशवी तिने आपल्या खणात नीट ठेवली, रात्री ताटली घासली, आणि सकाळी पुन्हा "पाणी घेऊ का?" मी मनात म्हटलं, बाई गं, एका दुपारीत मुलं आपली व्हायला लागली तर अजून काय हवं. पण दुखलं. आया आणि पिल्लं यांच्यावर भाषणं द्यायला मी गावोगाव जाते, आणि घरात एक पोर पाणी मागताना परवानगी मागतं. काही पिल्लं मोठी झाली, काही पांढुरकी होऊन गळाली. मेलेली मुलीने मोजू दिली नाहीत, मातीत पुरली. वाचलेला पिंजरा मी कामावर परत नेला. दुसरा तिने ठेवून घे म्हटलं, म्हणजे "ठेवू का?" असं विचारलं, आणि मी हो म्हटलं.

मग एका रविवारी आईने वाल भिजत घातले. मोड आले, आणि सकाळी आम्ही तिघी परातीभोवती बसलो. कोमट पाण्यातून काढलेला वाल चिमटीत दाबला की टुणकन साल सोडून बाहेर येतो. मुलीचा वाल थेट आईच्या गालावर बसला. आई म्हणाली, "मार मेले म्हातारेक!" आणि मुलगी हसली, मग तिने मुद्दाम दुसरा मारला. खोबरं, गूळ, कोकम घालून उसळ झाली. घरभर तो कडवट-गोड वास भरून राहिला. आम्ही जेवायला बसलो. ऊन फरशीवर आलं होतं, पंखा बंद होता.

जेवताजेवता मुलीच्या दातांखाली काहीतरी कट्टकन वाजलं. वालात एखादा गणंग निघतोच. किती भिजवा, किती शिजवा, दगडच राहतो. तिने तोंड वाकडं केलं. मी बघत होते, आता ही उठेल, विचारेल, "टाकू का?" ती उठली नाही. तिने दोन बोटं तोंडात घालून तो दाणा काढला, लाळेने माखलेला, दातांच्या खुणा असलेला, आणि माझ्याकडे न बघताच हात लांब करून माझ्या भातावर ठेवला.

"हा कडक आहे. तू खा."

आणि पुढचा घास घेतला.

आई म्हणाली, "अगो टाक तो, दात पडतलो तुझो." मी ऐकलं नाही. वर्षानुवर्षं मी आईकडून पिल्लाकडे काय जातं ते बघत बसले होते. पिल्लू आईला काही देईल, ते माझ्या कुठल्याच प्रयोगात नव्हतं. मी दाणा तोंडात टाकला. कडूजार होता आणि फुटता फुटत नव्हता. दाढ ठणकायला लागली, डोळ्यांतून पाणी यायला लागलं, पण मी तो चावत राहिले. मुलीने एकदा मान वर करून, नीट चावतेय ना, एवढं बघून घेतलं.