मास्तरांच्या अंगावरचं वजन

मास्तरांना पहिल्यांदा बघणारा माणूस हमखास फसायचा. उंची बेताची, अंगाने काडी, शर्टाची कॉलर गळ्यापेक्षा कायम एक माप मोठी. दिवसभर इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करायचे, त्यामुळे नखांत वंगण. हा गृहस्थ संध्याकाळी लोकांना मारामारी शिकवतो असं सांगितलं, की समोरचा म्हणायचा, काहीतरीच काय! पण मूर्ती लहान, कीर्ती महान म्हणतात ना, त्यातलीच गत. एमएमए नावाचा तो खेळ, ज्यात ठोसा, लाथ, कोपर, कुस्ती, गळा आवळणं असं सगळंच चालतं, तो शिकायचा तर मास्तरांकडे, असं लोक सांगायचे.

फर्निचरच्या गोदामावर एक लांबट खोली होती. खालून पॉलिशचा वास यायचा. खिडकीची एक काच गेलेली, तिथे पुठ्ठा लावलेला. जमिनीवर जाड मॅट, कोपऱ्यात ठोसे मारायला लोंबणारी एक बॅग, आणि समोरच्या भिंतीवर मास्तरांनी स्वतःच्या हाताने लाल रंगात लिहिलेलं: शक्तीपेक्षा युक्ती श्रेष्ठ. सुरुवातीची अक्षरं ऐसपैस, आणि भिंत संपत आल्यामुळे ‘श्रेष्ठ’ बिचारं कोपऱ्यात दाटीवाटीने उभं. बायको हसून म्हणायची, "अहो, जागेचा अंदाज घेण्याची युक्ती नाही का शिकलात?" मास्तरही हसायचे, पण अक्षरं काही पुन्हा लिहिली नाहीत.

मास्तरांच्या खोलीत एक रिवाज होता. नवा विद्यार्थी आला, की पहिल्या दिवशी त्याला काहीही करू द्यायचे नाहीत. नुसतं बसवायचे आणि हत्तीला हाक मारायचे.

हत्ती म्हणजे खालच्या गोदामातला हमाल. कपाटं, पलंग, फ्रिज पाठीवर घेऊन जिने चढणारा. मास्तरांच्या दुप्पट तरी असेल. दोघांची दोस्ती जुनी; खोली नवी असताना मॅट वर आणून टाकली तीही त्यानेच. मास्तर मॅटवर उताणे पडायचे आणि म्हणायचे, "ये रे, बस छातीवर. पूर्ण बस, जावयासारखा टेकू नकोस." सगळे हसायचे. हत्ती बसायचा. मास्तर कोपर आत घ्यायचे, कंबर एका कुशीला वळवायचे, गुडघा मध्ये सारायचे आणि बघता बघता खालून निसटून हत्तीच्या पाठीवर. हात हत्तीच्या गळ्याभोवती. मग हत्ती मॅटवर दोन थापा मारायचा, म्हणजे हरलो, सोडा. टाळ्या पडायच्या.

"पाहिलंत?" मास्तर उठून कपडे झटकायचे. "लिफ्टमध्ये चार जाडी माणसं चढतात आणि छोटीशी मोटर त्यांना वर नेते. का? कारण वजन कुठे टांगायचं ते ठरलेलं असतं. वजनाला घाबरू नका. वजन आंधळं असतं."

हे सगळं बारकी लहानपणापासून बघत आली. बारकी म्हणजे मास्तरांची एकुलती एक लेक. बापासारखीच काटकुळी. शाळेतून आली की दप्तर फेकून मॅटवर. दुसऱ्यांच्या मुली आरशासमोर उभ्या राहायच्या, ही बापाच्या पायांत पाय अडकवून त्याला पाडायला बघायची. मोठी झाली, चष्म्याच्या दुकानात काचा घासायच्या कामाला लागली, तरी संध्याकाळ खोलीतच. आणि खेळायची काय, डोळ्यांचं पारणं फिटावं! लहानमोठ्या लढती तिने जिंकल्या. बापाच्या तोंडावर तेव्हा जो आनंद असायचा, तो बघायलाच हत्ती कोपऱ्यात उभा राहायचा असं वाटायचं.

आईला मात्र हे कधीच पटलं नाही. "बळी तो कान पिळी," ती म्हणायची. "जगाची रीत आहे ती. तुमच्या एकट्याच्या भिंतीवर काही लिहिलं म्हणून बदलते का?"

मग मोठी लढत ठरली. जी जिंकेल तिला पुढे परदेशी खेळायला बोलावतील अशी. बारकीने आयुष्यभर जिच्याकडे डोळे लावले होते ती हीच.

आता या खेळात लढत जाळीच्या पिंजऱ्यात होते, आणि त्याआधी वजनाचा एक दिवस असतो. लढतीच्या आदल्या दिवशी दोघींनी काट्यावर उभं राहायचं, ठरलेल्या आकड्याच्या आत. त्यासाठी पाणी पिणं तोडतात, घाम काढतात, आणि काट्यावरून उतरल्या की पुन्हा खाऊन-पिऊन भरून येतात. बारकी तशीही हलकीच, पण तिनेही इमानदारीत सगळं केलं. काट्यावर चढली तेव्हा ओठ सुकलेले, पण आकडा आत. दुसरी मुलगी चढली आणि काटा पुढे गेला. थोडाथोडका नाही, चांगला घसघशीत. तिच्या बाजूचे लोक माना खाली घालून उभे. आणि ही तर सुकलेली असताना. उद्यापर्यंत भरून आली म्हणजे किती होईल, ते सगळ्यांना कळत होतं.

आयोजक मास्तरांकडे आले. "नियमाने तुम्ही नाही म्हणू शकता. कोणी नावं ठेवणार नाही. लढत पुढे कधीतरी लावू."

सोबत आलेला हत्ती पटकन म्हणाला, "नाही म्हणा, मास्तर."

आणि इथेच घात झाला. दुसरा कुठलाही शहाणा माणूस नाही म्हणाला असता. पण बाकीच्या तालमींचे लोक गोळा झाले होते, खोलीतली पोरं होती. ज्या माणसाने जन्मभर सांगितलं की वजन आंधळं असतं, तो काट्याकडे बघून मागे कसा फिरणार? फिरला असता तर भिंतीवरचं कोणत्या तोंडाने वाचून दाखवणार होता? मास्तर हसले. "वजन काट्यावर असतं," ते मोठ्याने म्हणाले, "जाळीच्या आत नसतं." मग लेकीकडे वळले. "काय गं, घाबरलीस का?"

बारकीने आधी हत्तीकडे पाहिलं. मग बापाकडे. "नाही बाबा. खेळूया."

दुसऱ्या दिवशी पहिली फेरी बारकीची. खोटं कशाला बोला, ती त्या दिवशी खेळली तशी कधीच खेळली नव्हती. आत शिरायची, दोन ठोसे द्यायची, समोरचीचा हात येईपर्यंत जागेवर नसायची. लोक उभे राहून ओरडत होते. मास्तर दोन फेऱ्यांच्या मध्ये तिच्या मानेवर बर्फ फिरवत म्हणाले, "बघ, बघ! मी काय सांगत होतो!"

दुसऱ्या फेरीत त्या मुलीने ठोसे खात खात तिला कवेत धरलं आणि जाळीला दाबून खाली आणलं. झालं. वर ती, खाली बारकी.

"घाबरू नकोस!" मास्तर ओरडले. "कोपर आत! कंबर वळव! वाट बघ!"

बारकीने कोपर आत घेतलं. कंबर वळवली. वरची हललीसुद्धा नाही. बारकीने पुन्हा वळवली. हत्तीने टॉवेल मास्तरांच्या हातात कोंबला. कोपऱ्यातून टॉवेल आत टाकला की लढत तिथल्या तिथे थांबते. "टाका, मास्तर. पाया पडतो, टाका."

"थांब रे. आत्ता निसटेल. मी यातून शेकडो वेळा निसटलोय."

टॉवेल हातातच राहिला. वरून कोपर उतरलं. मग आणखी एक, त्याच जागी. पंच मध्ये पडला तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं.

उजव्या डोळ्याभोवतीचं हाड मोडलं आणि आतला पडदा फाटला. डॉक्टरांनी शस्त्रक्रिया केली, हातात होतं ते सगळं केलं. मग आईबापाला खोलीत बसवून सांगितलं, की त्या डोळ्याला उजेड-अंधार कळेल, त्यापलीकडे फारसं काही नाही. खेळ तर विसराच.

आई हॉस्पिटलच्या जिन्यात बसली आणि भिंतीवर डोकं टेकून रडली. मास्तर जवळ गेले तेव्हा म्हणाली, "शक्तीपेक्षा युक्ती म्हणे! घाला ती युक्ती चुलीत. माझी धडधाकट पोर द्या मला परत."

पण मन मोठं चमत्कारिक असतं. दुःखात बुडालेला माणूससुद्धा आपला हिशेब चुकला हे कबूल करायच्या आधी दुसऱ्याची चूक शोधतो. मास्तरांनी त्या लढतीचं चित्रण मोबाइलवर पुन्हा पुन्हा पाहिलं. बारकीचं काय चुकलं ते त्यांना शोधायचं होतं. आणि चूक सापडेना. कोपर बरोबर होतं. कंबर बरोबर होती. त्यांनी शिकवलं तसं, त्यांच्यापेक्षाही सफाईने. मग निघाली का नाही?

एका सकाळी त्यांनी हत्तीला वर बोलावलं. खोलीत दुसरं कोणी नव्हतं. मास्तर मॅटवर उताणे पडले. "बस. मला बघायचंय."

हत्ती बसला. मास्तरांनी कोपर आत घेतलं, कंबर वळवली, गुडघा सारला आणि निसटले. उठून बसले ते संतापलेले. "बघितलंस? निघतो माणूस! मग पोरगी का नाही निघाली? सांग ना, का नाही निघाली?"

हत्तीने तोंड दोन्ही हातांनी झाकलं. एवढा मोठा बाप्या, खांदे गदगदा हलायला लागले.

"मास्तर, मी स्वतःला उचलून धरतो."

"म्हणजे?"

"तुमच्यावर बसतो तेव्हा गुडघ्यांवर भार घेतो. पूर्ण बसतच नाही. पहिल्यापासून."

"पहिल्यापासून?"

"पहिल्या दिवशी वाटलं, एवढीशी बरगडी, मोडायची. आणि चार पोरं बघत होती. तुमची खोली चालायला हवी होती. मग तुम्ही एवढे खूश झालात, की पुन्हा तसंच केलं. मग सवयच झाली."

मास्तरांनी भिंतीवरच्या लाल अक्षरांकडे पाहिलं. मग म्हणाले, "आणि बाकीचे? बाकीच्यांनाही मी पाडलंय. धिप्पाड धिप्पाड पोरांना."

हत्तीने मान खाली घातली. "त्यांना मी जिन्यातच सांगायचो. मास्तरांवर जोर काढायचा नाही म्हणून. तुमच्यावर सगळ्यांची माया आहे, मास्तर. कोणी नाही म्हणालं नाही."

मास्तर पुन्हा आडवे झाले. "आता बस. खरं बस."

"नको, मास्तर."

"बस म्हणतोय ना!"

हत्ती बसला. या वेळी खरंच बसला. मास्तरांची कंबर वळली नाही. कोपर आत घ्यायला जागाच नव्हती. श्वास छातीत आला तिथेच अडकला, डोळ्यांपुढे काळोखी यायला लागली, आणि जे अंगाला हजार वेळा पाठ होतं त्यातलं काहीही कामाला येईना. बारकीने वरच्या त्या अंगाखाली नेमकं हेच सोसलं होतं, आणि बाहेरून बापाचा आवाज येत होता, वाट बघ. मास्तरांनी मॅटवर थाप मारली. हत्ती एका झटक्यात उठला.

त्या दुपारी मास्तर घरी आले ते लेकीच्या खोलीत गेले. बारकी पलंगावर उशीला टेकून बसली होती, अर्ध्या चेहऱ्यावर पट्टी. दारात आई वाटीतलं सूप ढवळत उभी. मास्तर पलंगाच्या उजव्या अंगाला खुर्ची ओढून बसले. रस्ताभर त्यांनी वाक्यं जुळवली होती. बाळा, तुझं काही चुकलं नाही. जे चुकलं ते माझं. मला आज कळलं. हत्ती मला...

"हत्तीकाका तुमच्यावर भार टाकत नाही, ते ना?" बारकी म्हणाली. "मला माहीत आहे, बाबा."

"कधीपासून?" मास्तरांनी विचारलं.

"शाळेत होते तेव्हापासून. एकदा मी त्याला म्हटलं, काका, खरं बस. तो बसला, आणि मला हलताच येईना. मग रडायलाच लागला. म्हणाला, तुझ्या बाबांना सांगू नकोस, मोडतील ते. मी शपथ घेतली."

"अगं, मग त्या दिवशी काट्यापाशी का नाही बोललीस? मी विचारलं होतं तुला!"

"सगळ्यांसमोर विचारलंत ना. काय सांगणार होते? तुमची पोरं उभी होती तिथे. तुमचं तंत्र खोटं नाही हो बाबा, पहिल्या फेरीत बघितलंत ना? माझ्याएवढी असती तर मी तिला रडवलं असतं. पण ती फार जड होती. आणि खरं सांगू? तुम्ही इतक्या खात्रीने म्हणालात, की मला वाटलं, असेलही. मला माहीत होतं, तरी वाटलं. बाबा म्हणतायत म्हणजे निसटेन मी."

आईच्या हातातला चमचा थांबला. मास्तरांनी जुळवलेली सगळी वाक्यं कुठल्या कुठे गेली. ते लेकीच्या पांघरुणात तोंड खुपसून हंबरडा फोडून रडले, आयुष्यात कधी रडले नसतील असे.

बारकीने त्यांच्या डोक्यावर ठेवायला हात पुढे केला. पण ते उजव्या बाजूला बसले होते आणि तिकडचं तिला दिसत नव्हतं. हात पलंगाच्या कडेवर चाचपडत राहिला. शेवटी आई पुढे आली, तिने तो हात धरला आणि नेऊन मास्तरांच्या डोक्यावर ठेवला.