रिकाम्या गावातला गॅस

कोठडीत बसलेल्या माणसाने काही केलेलं नाही, हे फक्त तुम्हाला माहीत आहे. तुम्ही बोललात तर तो सुटेल, पण गावात तुमची मान खाली जाईल. बोलाल?

उत्तराची घाई करू नका. माझ्या नोकरीत हाच प्रश्न एका चांगल्या माणसासमोर उभा राहिला होता. त्या प्रकरणाने मला आजही स्वस्थ बसू दिलेलं नाही.

ऐंशीच्या दशकाचा मधला काळ. जिल्हा नवा होता आणि मी मालवण किनाऱ्यावरच्या एका ठाण्याचा प्रमुख होतो. हद्दीतल्या एका गावात शेणाच्या गॅसची सहकारी संस्था होती. लोक तिला ‘गॅस कंपनी’ म्हणत, आधी थट्टेने, मग अभिमानाने. गावच्या शाळेतल्या गुरुजींनी ती उभी केली होती. वाडीच्या मधोमध जांभा दगड फोडून खड्डा खणला, कुडाळहून ट्रकवर लोखंडी टाकी आली, घराघरात नळी गेली. रोज सकाळी बायका शेणाची टोपली आणून कुंडात ओतत आणि त्या बदल्यात दोन्ही वेळेला शेगडीला गॅस मिळे. शेणावर शिजलेलं देवाला दाखवायचं कसं, असं सुरुवातीला काही जण म्हणाले. गुरुजींनी दारोदार जाऊन एकच गोष्ट सांगितली, की या आगीला धूर नाही. पावसाळ्यात ओली लाकडं फुंकून ज्यांचे डोळे गेले होते, त्यांना याहून जास्त काही सांगावं लागलं नाही.

गॅसचा मुख्य कॉक एका लाकडी पेटीत असे. पेटीच्या कुलपाची एक चावी रोज गॅस सोडणाऱ्या चालकाकडे, दुसरी अध्यक्ष म्हणून गुरुजींच्या घरी. चालक गुरुजींचाच जुना विद्यार्थी. सातवीनंतर मुंबईला गिरणीत गेला, संपानंतर परत आला, रिकामा फिरत होता. गुरुजींनी त्याला कामावर घेतलं.

त्या गावात गावपळण पाळतात, बोलताना नुसतं ‘पाळण’ म्हणतात. काही वर्षांनी एकदा ग्रामदेवतेचा कौल घेऊन अख्खं गाव वेशीबाहेर जातं. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, सगळी. तीन दिवस झावळ्यांच्या झोपड्यांत राहायचं. मग पुन्हा कौल घ्यायचा आणि देवाने परवानगी दिली की घरी यायचं. त्या दिवसांत गावात चूल पेटत नाही, मागे कुणी राहत नाही. राहिला तर त्याचं काय होईल हे कुणी स्पष्ट बोलत नाही, आणि म्हणूनच कुणी राहत नाही.

त्या वर्षी गाव परतलं आणि पहिल्याच सकाळी एका घरात भडका उडाला. घरधनीण बंद स्वयंपाकघरात गेली, गॅस अजून सुरू व्हायचा होता म्हणून चहासाठी चुलीपाशी काडी ओढली, आणि माळ्याखाली साठलेला गॅस पेटला. दोन्ही हात आणि अर्धा चेहरा भाजला. तिला मालवणच्या दवाखान्यात हलवलं.

पंचनाम्याला मी स्वतः गेलो. शेगडीची कळ उघडी होती. बाईने जबाबात सांगितलं, की निघायच्या दिवशी भात होत असताना मुख्य कॉक बंद झाला, जाळ आपोआप विझला, तेवढ्यात निघण्याचा ढोल वाजला आणि घाईत कळ फिरवायची राहिली. यात तिचं चुकलं असेलही. पण मुख्य कॉक बंद राहिला असता तर तिच्या घरात गॅस आलाच नसता. आम्ही पेटी उघडली. कुलूप जागच्या जागी होतं. आत कॉक मात्र उघडा होता.

गुरुजींनी फिर्याद दिली. चालकाने निष्काळजीपणा केला, कॉक बंद न करता पेटीला कुलूप लावलं. दुसऱ्या चावीचं विचारलं तेव्हा म्हणाले, ती कपाटातून हललेली नाही. त्यांचा शब्द गावात अखेरचा असे. मी चालकाला अटक केली. गुन्हा जामीनपात्र होता, पण जामीन राहायला एक माणूस पुढे येईना. त्याची बायको ठाण्याच्या पायरीवर डबा घेऊन बसायची. तिने मला सांगितलं, की दवाखान्यातली बाई दगावली तर आम्हाला गाव सोडावं लागेल. एवढं बोलून ती परत डब्याचं झाकण घट्ट करत बसली.

चौकशीत चालक पहिल्यांदा ठाम होता. मी कॉक बंद केला, हाताला अजून आठवतंय, असं त्याने सांगितलं. दुसऱ्या वेळी तो थांबत थांबत बोलला. तिसऱ्या वेळी मी कुलपाची गोष्ट काढली, तेव्हा खाली बघून म्हणाला, “सायबानू, कुलूप लागलेला होता मां? मग कॉक उघडो रवलो तो माझ्याच हातान. माझीच चूक आसतली.”

“गुरुजींच्या घरी दुसरी चावी आहे.”

“गुरुजी खोटा सांगूचे नाय.”

इथे एक गोष्ट लिहून ठेवतो. गुन्हेगार माणूस तीन वेळा विचारलं तरी एकच गोष्ट सांगतो, कारण त्याने ती पाठ केलेली असते. प्रामाणिक माणूस तिसऱ्या वेळेला स्वतःवरच संशय घेऊ लागतो. हा कबुलीजबाब कागदावर घेऊन मला आरोपपत्र पाठवता आलं असतं. तपास संपला असता, वरचे साहेब खूश झाले असते. त्याचं ते ‘आसतली’ मात्र कानातून जाईना.

खबर आली ती भुताच्या रूपाने. आमचे हवालदार एसटी स्टँडवरून चहा पिऊन आले ते गंभीर चेहऱ्याने. शेजारच्या गावची एक मासेविक्रीण पाळणीच्या दिवसांत खाडीकडेच्या वाटेने गेली होती. रिकाम्या गावातून तिला तान्ह्या पोराचं रडणं ऐकू आलं. तिने टोपली डोक्यावर घट्ट धरून धूम ठोकली. तेव्हापासून स्टँडवर दुसरा विषय नव्हता.

मी हसलो. हवालदार दुखावले. “साहेब, हसू नका. गाव रिकामो झालो की थंय तेंचा राज्य आसता.”

“भुतांना पोरं होतात?”

“होय तर. पोरां पण मरतत मां?”

भुतांचा माग काढणं माझं काम नव्हतं. पण गावात तान्हं मूल कुणाकडे आहे, एवढं तर काढता येत होतं. ते एकाच घरात निघालं. गुरुजींची मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. पाळणीच्या आधी तिला ताप येत होता म्हणून आईबरोबर मालवणला आत्याकडे पाठवली, असं गावाला माहीत होतं.

दवाखान्यातल्या बाईचा पुरवणी जबाब घ्यायला मालवणला गेलो, तेव्हा वाटेत आत्याच्या दारात थांबलो. भाचीचं बाळ कसं आहे, एवढंच विचारलं. म्हातारी फणकारली. “माका विचारतास? माका अजून तेचा तोंड बघूक मिळाला नाय. दादान साधो निरोप पण धाडूक नाय.”

मी तिथूनच गुरुजींच्या घरी गेलो. गॅस बंद असल्यामुळे घर धुराने भरलं होतं. गुरुजी ओटीवर बसले होते. माझ्याशी ते नेहमी शुद्ध मराठीत बोलत. आत्याची भेट मी सांगितली. ते कंपनीबद्दल बोलू लागले. बायकांनी शेण आणणं बंद केलं आहे, एका माणसाच्या हलगर्जीपणाने सगळं बुडालं आहे, आपण पुन्हा उभं करू. मी ऐकत होतो. दारामागे कुणीतरी उभं होतं.

मुलगी बाळाला घेऊन बाहेर आली. तिच्या अंगात अजून बळ नव्हतं, दाराला टेकूनच बोलली. “बाबांनू, तुम्ही सांगतास की मी सांगू?”

मग तिनेच सांगितलं. थंडीच्या वाऱ्यात, झावळ्यांच्या झोपडीत तापलेल्या बाळंतिणीला न्यायचं गुरुजींच्या जिवावर आलं. गावासमोर उभं राहून मी नेणार नाही, असं म्हणायचं धाडस मात्र झालं नाही. मग तिला आणि आईला घरातच लपवलं. बाळाला आणि तिला गरम पाणी हवं होतं. चूल पेटवली तर माडांच्या वर धूर दिसला असता आणि वेशीबाहेर बसलेल्या अख्ख्या गावाला कळलं असतं. म्हणून गुरुजी रात्री वेशीबाहेरून गुपचूप घरी आले, कपाटातली चावी घेतली आणि मुख्य कॉक उघडला. गॅस त्यांच्या घरात आला, तसाच दुसऱ्या टोकाच्या बंद घरातही गेला. परत यायच्या दिवशी गुरुजी आडवाटेने पुढे आले, गाव येण्याआधी कॉक आणि पेटी बंद करायची होती. ढोल ऐकू आला. कुलूप लागलं आणि कॉक राहून गेला.

“मुलीसाठी केलं,” गुरुजी म्हणाले.

मी म्हणालो, “कॉक मुलीसाठी उघडलात. फिर्याद कुणासाठी दिलीत?”

गुरुजी उठले. सदरा चढवला आणि माझ्याबरोबर जीपमध्ये बसले. ठाण्याच्या पायरीवर चालकाची बायको बसली होती. ती गुरुजींना बघून उठून उभी राहिली, आदराने. त्या एका क्षणाची शिक्षा कोणत्याही कलमात नाही.

जबाब झाला, चालक सुटला, गुन्हा गुरुजींवर गेला. गावात मोठी बैठक बसली आणि सगळी चर्चा एकाच गोष्टीची झाली, पाळण मोडली तिला प्रायश्चित्त काय. दवाखान्यातून आलेली ती बाई मागे बसली होती, हात कापडात गुंडाळलेले. तिला कुणी बोलायला सांगितलं नव्हतं. ती म्हणाली, “पाळणीत कोण रवलो ता देव बघात. माझ्या हातांचा काय ता तुमी बघा. आणि त्या माणसाक जामीन रवाक कोण गेलो नाय, तेचा पयला सांगा.”

बैठक तिथेच मोडली. कंपनी पुढे पुन्हा सुरू झाली, काही वर्षं चालली, मग सिलिंडर आले आणि ती बंद पडली. चालकाने ते काम पुन्हा धरलं नाही.

या प्रकरणाने मला शिकवलं, की निरपराध माणसाला आत ठेवायला पोलीस एकटे पुरत नाहीत. त्याला चांगल्या माणसांची चुप्पी लागते. गुरुजी वाईट नव्हते. त्यांनी अख्ख्या वाडीतल्या बायकांचे डोळे वाचवले होते. त्यांना भीती वाटली ती कायद्याची नव्हे, शेजाऱ्यांची. या भीतीला आपण परंपरा म्हणतो, मान म्हणतो, घराण्याची अब्रू म्हणतो. मला त्या शब्दांचा आजही राग येतो, कारण त्या शब्दांची किंमत मी कोठडीच्या गजांआड बसलेली पाहिली आहे.

म्हणून तुम्हाला एक मागणं आहे. तुमच्या गावात, वाडीत, कचेरीत तुमच्या गप्प बसण्यामुळे एखादा माणूस दुसऱ्याची चूक डोक्यावर घेऊन फिरत असेल, तर हा कागद खाली ठेवा आणि उठा. ठाण्यात जायला धीर होत नसेल तर आधी त्याच्या घरी जा, त्याच्या बायकोसमोर उभे राहा आणि जे तुम्हाला माहीत आहे ते तिला सांगा. आजच जा.