बागेतला बघण्याचा कार्यक्रम

लेकीनं अटच घातली. घरी कांदेपोहे नाहीत, ट्रे घेऊन बाहेर येणं नाही. औंधच्या राजाच्या संग्रहालयाच्या बागेत भेटायचं. आम्ही पलूसहून जाणार, मुलगा साताऱ्याहून येणार, दोघांना सोयीचं. राजाच्या बागेत बघण्याचा कार्यक्रम! आमच्यात असलं कुणी केलं नव्हतं. पण एकुलती एक लेक, तिच्यापुढं माझं काय चालतंय?

एसटीत मी तिला शंभरदा बजावलं, "माझा विषय काढायचा न्हाई." तिचे वडील गेल्यापासून आम्ही दोघीच. 'लग्नानंतर आई माझ्याजवळ राहील,' असं तिनं आधीच्या दोन स्थळांना तोंडावर सांगितलं आणि दोन्हीकडून पुन्हा फोन आला नाही. हे स्थळ लय चांगलं होतं. मुलगा निर्व्यसनी, बोलायला मऊ. हेही हातचं घालवते की काय, म्हणून माझा जीव टांगणीला.

बागेत भेटीगाठी झाल्या आणि लेक नि मुलगा आत चित्रं बघायला गेली. बाहेर बाकावर मी आणि मुलाची आई. त्या अगदी निवांत. डबा उघडून म्हणाल्या, "आवं ताई, लाडू घ्या की. येतील पोरं सावकाश." लाडू हातात तसाच राहिला. मी उठले, उगाच फुलझाडांकडं जाऊन आले, बसले, परत उठले.

"पायाला भिंगरी लावलीया का?" त्या हसल्या. मी पण हसले, पण नजर दारावर. काय बोलत असेल ही बया आत? तिकीट काढून मागोमाग जावं आणि एखाद्या पुतळ्याआड उभं राहावं, असंसुद्धा मनात आलं. मेलं घड्याळ पुढं सरकंना.

शेवटी दोघं पायऱ्या उतरून आली. मुलगा हसत होता. वाकून मला नमस्कार केला, त्याच्या आईनं माझे हात हातात घेतले, आणि ती मायलेकरं गाडीकडं गेली.

मी लेकीचा दंड धरला. "काढलास ना विषय?"

"नाही गं. तू एवढं बजावलंस, मग नाही काढला." ती लाजली. "मला आवडलाय तो, आई."

"शहाणी गं माझी बाय," म्हणाले मी आणि तिच्या पाठीवरून हात फिरवला. मग तोंड धुवायचं निमित्त करून नळाकडं गेले. ती बोलेल या भीतीनं नव्हे, तिनं बोलावं म्हणून सकाळपासून माझा जीव वरखाली होत होता.